कमिशन झालेलं कपाट

"एकपण हरवला नाही बघा, अक्का," मल्लप्पा मेस्त्री म्हणाला आणि त्यानं माझ्या टेबलामागच्या नव्या लोखंडी कपाटाकडे हात केला.

कपाटाच्या दोन्ही दारांवर, वरपासून खालपर्यंत, माझे बारकोड स्टिकर चिकटवलेले होते. अगदी ओळीनं, शाळेतल्या प्रार्थनेला मुलं उभी करावीत तसे. जनरेटरचा स्टिकर, लिफ्टचा, ऑपरेशन थिएटरच्या हवेच्या यंत्रांचा, तळघरातल्या पंपांचा. मधोमध कुंकवाचं बोट. हँडलला झेंडूची माळ. सगळं हॉस्पिटल त्या कपाटावर येऊन बसलं होतं.

"आणि यंत्रांवर?" मी विचारलं.

"यंत्रांवर काय नाही. लख्ख. तुम्हीच सांगितलं होतं की."

सांगितलं होतं. लेखी सांगितलं होतं, कन्नड, इंग्रजी आणि मराठी अशा तीन भाषांत, म्हणजे पुढे कोणालाही ‘कळलं नाही’ म्हणायची सोय राहू नये म्हणून. ती सोय मलाही राहिली नाही.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. हुबळीला विद्यानगरात एका ट्रस्टचं हॉस्पिटल बांधून होत आलं होतं आणि मी तिथे कमिशनिंग कोऑर्डिनेटर होते. मूळची इलेक्ट्रिकल इंजिनिअर. आधी बरीच वर्षं एका कारखान्यात मोटारी आणि पॅनेल सांभाळली, मग चाळिशी ओलांडल्यावर इथे आले. तेव्हाची जोशीबाई तुम्ही बघायला हवी होती. गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, पर्समध्ये तीन रंगांची पेनं आणि तोंडात सदान्‌कदा ‘डेटा’. भाजीवाली कोथिंबिरीचा भाव सांगायची तेव्हासुद्धा ही मनात तिचा कॉलम आखायची. विद्यानगरातच कॉम्प्युटरचा एक छोटा कोर्स केला होता. त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं होतं. माझी इंजिनिअरिंगची पदवी मात्र घरी ट्रंकेत.

कमिशनिंग म्हणजे काय ते आधी सांगते. समजा तुम्ही मिक्सर आणला. आणला म्हणजे झालं नाही. प्लग लावला, चालू केला, झाकण उडालं नाही, चटणी नीट वाटली गेली आणि गॅरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का घेतला, म्हणजे तुमचा मिक्सर कमिशन झाला. हॉस्पिटलात असे शेकडो मिक्सर. प्रत्येक चालवून बघायचा, मोजायचा, लिहायचा आणि मगच कंत्राटदाराकडून ताब्यात घ्यायचा. ताब्याच्या कागदावर आपली सही झाली की यंत्र आपलं आणि त्याचं दुखणंही आपलं. कंत्राटदार बॅग भरून पुढच्या गावाला.

एवढ्या सगळ्या यंत्रांचा हिशेब राहावा म्हणून बेंगळूरच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. घेतलं होतं म्हणजे मी घ्यायला लावलं होतं. प्रत्येक यंत्राला एक नंबर, नंबराचा बारकोड, बारकोडचा स्टिकर यंत्रावर. बंदुकीसारखं स्कॅनर स्टिकरवर धरलं की ‘टीं’ वाजायचं आणि कॉम्प्युटरवर त्या यंत्राची ओळ उघडायची. ओळ लाल म्हणजे यंत्र अजून आलेलं नाही. पिवळी म्हणजे बसवलं. हिरवी म्हणजे चालवून पाहिलं, चोख आहे.

हे बसवायला कंपनीचा श्रीवत्स नावाचा तरुण यायचा. हुशार, पण नजर कायम घड्याळावर आणि मन परतीच्या गाडीत. त्याच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन केल्यावर चार प्रश्न यायचे. यंत्र चालवलं का? कोणी? व्होल्टेज किती आलं? आवाज, गळती काही आहे का? उत्तरं भरल्याशिवाय ओळ हिरवी होत नसे. मला ते फार रेंगाळवाणं वाटलं.

"हे काढून टाका," मी म्हणाले. "स्कॅन केलं की सरळ हिरवं."

"शुअर, मॅडम?"

"व्हेरी शुअर."

आणखी एक. श्रीवत्सनं पत्र्याच्या पट्ट्या सुचवल्या होत्या, नंबर कोरलेल्या, यंत्राला रिव्हेट मारून पक्क्या बसवायच्या. मी नाक मुरडलं. म्हटलं, नव्या कोऱ्या यंत्राला भोकं कशाला पाडायची, बैलाला टोचल्यासारखी? त्यापेक्षा कागदी स्टिकर बरे, पांढरेशुभ्र, गुळगुळीत. ते मी स्वतः चिकटवत फिरले. जी यंत्रं आली नव्हती त्यांचेसुद्धा आधीच छापून ठेवले होते. तळघरात आग विझवायचे दोन पंप बसायचे होते. पहिला विजेवरचा, तो आला होता. दुसरा डिझेलचा, तो यायचा होता. त्याच्यासाठी बांधलेल्या सिमेंटच्या रिकाम्या ओट्यावर मी त्याचा स्टिकर लावून टाकला. पंप येईल तेव्हा येवो, नंबर तर बसला! केवढं हे नियोजन, असं मला वाटलं होतं.

हा डिझेलचा पंप काय करतो ते लक्षात ठेवा. आग लागली की पहिली जाते ती वीज. मग विजेवरचा पंप नुसता शोभेला. तेव्हा धावून येतो तो डिझेलवाला. आमचा डिझेलवाला कोइमतूरहून निघाला होता. कंत्राटदाराला कधीही विचारा, ‘रस्त्यात आहे’. गणपती आले, बसले, विसर्जन झाले, हा रस्त्यातच.

ट्रस्टचे सेक्रेटरी इनामदारसाहेब. रिटायर झालेले सरकारी अधिकारी, पण रिटायर झालो हे त्यांना कोणी कळवलं नसावं. बोलण्यात शिस्त, चालण्यात शिस्त, फक्त कंत्राटदाराशी वागण्यात मऊपणा. एकदा माझ्या तात्पुरत्या केबिनमध्ये येऊन म्हणाले, "जोशीबाई, दसरा झाला की ताबा. स्वामीजींची तारीख घेऊन ठेवलीय उद्घाटनाला. त्या दिवशी मला स्क्रीन हिरवी पाहिजे."

"होईल, साहेब."

"हिरवी झाली तर फॅसिलिटी मॅनेजर तुम्ही. ही केबिनही कायमची तुमची, एसीसकट. नाही झाली तर मेंटेनन्सला बेंगळूरची एजन्सी येईल. तुम्ही मग आवक-जावक सांभाळा. सावकाश काम आहे ते. बायकांना बरं."

त्या शेवटच्या वाक्याला उत्तर द्यायला मला वीस-बावीस वर्षं लागली, ते इथे देते आहे. तेव्हा मी फक्त "हो साहेब" म्हणाले आणि एसीकडे बघितलं. फार थंड होता हो तो एसी.

मग आली खंडेनवमी. हुबळी-धारवाडकडे या दिवशी आयुधपूजा म्हणजे थोरला सोहळा. रिक्षा, ट्रक, शिलाई मशीन, सुताराचा रंधा, बँकेतला टायपरायटर, सगळ्यांना आंघोळ आणि हार. आमच्या हॉस्पिटलातली यंत्रं तर नवी नवरी. त्यांची पहिली पूजा जोरात व्हायलाच हवी.

आमच्या घरी, धारवाडच्या केळगेरीला, सासूबाईंची एक पद्धत होती. पूजेला मांडायची वस्तू निखळ असायला हवी. नवं पातेलं असेल तर त्यावरची दुकानाची चिठ्ठी खोबरेल लावून, नखानं खरवडून काढायची. "देवापुढं काय भाव लावून बसवतेस?" असं विचारायच्या. विळी, अडकित्ता, माझी स्लाइड रूल, सगळ्यांना हाच नियम. लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी ऐकलेला. तो माझ्या हातात इतका मुरला होता की आयुधपूजेचं सर्क्युलर लिहिताना बोटांतून आपोआप उतरला: ‘पूजेपूर्वी सर्व यंत्रे धुऊन-पुसून स्वच्छ करावीत. यंत्रावर धूळ, ग्रीस, चिकटपट्टी, कागद अथवा चिठ्ठी काहीही राहता कामा नये.’ खाली सही, सहीखाली पदनाम, पदनामाखाली ठळक रेघ. स्टिकर हीसुद्धा चिठ्ठीच असते, हे त्या रेघेच्या कौतुकात सुचलं नाही.

मल्लप्पा हा इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचा मेस्त्री. अळणावरकडचा. कामाला वाघ आणि आज्ञाधारक, हे दोन गुण एका माणसात असले की वरच्यानं हुकूम जपून सोडावा. त्यानं माणसं लावून एकेक यंत्र घासलं. स्टिकर निघाले. पण नवरात्रात, सरस्वतीच्या दिवसांत, अक्षर असलेला कागद केरात कसा टाकायचा? पाय पडेल. म्हणून त्यानं ते अलगद सोलले आणि ठेवायला सुरक्षित जागा कुठली, तर अक्काची केबिन. तिथलं नवं कपाट. चिकटवले, कुंकू लावलं, माळ घातली, नमस्कार केला. यात त्याचं काही चुकलं असं म्हणायची माझी छाती नव्हती.

पूजेच्या दिवशी मी नेसले होते इरकली. जनरेटरला आरती मीच केली. केळीचे खुंट, हार, लिंबं, विभूतीचे तीन पट्टे. इतकं समोर उभं राहून मला स्टिकर नसल्याचं दिसलं कसं नाही, असं पुढे सगळ्यांनी विचारलं. मी जनरेटरकडे बघतच नव्हते. फोटोग्राफरकडे बघत होते.

तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कपाटासमोर उभी. मल्लप्पाला म्हटलं, "बरं. आता कॉम्प्युटरवर नंबर बघत एकेक परत लावून येऊ."

"आयतु अक्का," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून तो निघणार, तेवढ्यात श्रीवत्स दारात. शेवटची तपासणी करायला आलेला. खांद्याला लॅपटॉप, हातात स्कॅनर, खिशात कोणीतरी दिलेली बन्नीची, म्हणजे दसऱ्याच्या सोन्याची, पानं. मागे इनामदारसाहेब.

मी झालेला प्रकार सांगितला. श्रीवत्सनं कपाट बघितलं, जिना बघितला, घड्याळ बघितलं. लिफ्ट अजून चालू नव्हती. स्कॅनरची वायर लॅपटॉपला जोडलेली, लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, म्हणजे प्रत्येक मजल्यावर प्लग शोधत फिरायचं. आणि केबिनमध्ये एसी.

"मॅडम," तो म्हणाला, "स्टिकर तर तेच आहेत ना?"

"तेच."

"मग इथेच स्कॅन करतो. नंतर तुम्ही लावून घ्या. सॉफ्टवेअरला काय फरक पडतो?"

"काहीच नाही," इनामदारसाहेब म्हणाले. "करा, करा."

आणि मी? मी गिरमिट, म्हणजे हुबळीकडची चुरमुऱ्यांची भेळ, आणि मिर्ची भजी मागवली.

टीं. जनरेटर हिरवा. टीं. लिफ्ट हिरवी. टीं, टीं, टीं. कुंकू लागलेले स्टिकर श्रीवत्स रुमालानं पुसून घ्यायचा. स्क्रीनवर लाल-पिवळ्या ओळी पटापट हिरव्या होत चालल्या. श्रावणातल्या माळासारखी स्क्रीन. मी महिन्यांमागून महिने ज्याची वाट बघत होते ते कपाटासमोर बसून, भजी खाता खाता होत होतं. इतकं बरं वाटत होतं की विचारू नका. साहेब तर म्हणाले, "टेक्नॉलॉजी म्हणजे टेक्नॉलॉजी, जोशीबाई!"

टीं. ‘डिझेल फायर पंप २. तळघर, पंपरूम. बसवला, तपासला, चालू.’ हिरवा.

मिर्ची माझ्या घशात अडकली. खरंच अडकली. डोळ्यांतून पाणी आलं.

"एक मिनिट," म्हणून मी खाली गेले. म्हटलं, न जाणो, सुट्टीत आलाही असेल. तळघरात पहिला पंप हार घालून बसला होता. शेजारी दुसऱ्याचा ओटा. रिकामा. पण स्वच्छ धुतलेला, हळदीकुंकवाची बोटं ओढलेला, वर मधोमध एक लिंबू. मल्लप्पानं ओट्याचीही पूजा केली होती.

पंप नाही हे तर मला माहीतच होतं. पण तो नसलेला पंप जर हिरवा होतो, तर वरच्या बाकीच्या हिरव्यांना काय अर्थ? श्रीवत्सनं हॉस्पिटल तपासलं नव्हतं. कपाट तपासलं होतं. आणि कपाट अगदी उत्तम स्थितीत होतं.

वर आले. श्रीवत्स गाडीच्या गडबडीत सामान आवरत होता.

"साहेब, दुसरा पंप आलेला नाही."

"रस्त्यात आहे."

"पण स्क्रीनवर बसलाय. तपासलासुद्धा."

"मग चांगलंच आहे की. स्क्रीन पुढे आहे, पंप मागून येतोय."

"बाकीचंही कोणी चालवून बघितलं नाही आज."

साहेबांनी चष्मा काढला. ते चष्मा काढायचे तेव्हा समोरच्यानं गप्प बसायचं, अशी पद्धत होती. "बाई, हिरवं कोणी मागितलं होतं? स्कॅन केलं की हिरवं, हे कोणाचं डोकं? उद्या चेअरमन येतील. त्यांना स्क्रीन दाखवायची, ताब्याच्या कागदावर तुम्ही सही करायची, कंत्राटदारानं करायची. मग स्वामीजी. मग तुमची ही केबिन. का आवक-जावक?" मग श्रीवत्सकडे वळून, "तुम्ही उद्यापर्यंत थांबा. चेअरमन अण्णांना दाखवायचंय."

श्रीवत्सची गाडी बुडाली. त्या दिवसातलं तेवढंच मला समाधान.

बसनं धारवाडला आले. हुबळी ते धारवाड बस किती हिसके देते ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्या दिवशी मला जाणवलेसुद्धा नाहीत. घरी सासूबाई व्हरांड्यात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि ‘माझा डोळा सुनेच्या हॉस्पिटलात’ असं त्यांनी आख्ख्या केळगेरीत सांगून ठेवलं होतं.

"तारीख ठरली का गं माझी?"

"ठरेल. उद्या ताबा आहे."

"कुठल्या मजल्यावर निजवणार मला?"

"दुसऱ्या."

"आणि पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी मी खाली कशी यायची, काही झालं तर? मला पळता येत नाही, आधीच सांगून ठेवते."

त्यांना बिचाऱ्यांना पंपाचं काही ठाऊक नव्हतं. त्या जिन्याबद्दल बोलत होत्या. मी आत जाऊन चहा ठेवला आणि दूध उतू जाईपर्यंत बघत उभी राहिले. सही करायची नाही, हे तिथे स्वयंपाकाच्या ओट्यापाशी ठरलं. म्हणजे केबिन गेली. ती गेल्याचं वाईट वाटून दोन आसवं गाळली हे मी आजही लपवत नाही. तो एसी फारच थंड होता. पण नुसतं ‘सही करत नाही’ म्हटलं असतं तर साहेबांनी मला गप्प बसवून दुसऱ्या कोणाची तरी सही घेतली असती. साहेबांशी वाद घालून कोणी जिंकलेलं नव्हतं. हसू आलं तर मात्र कोणालाच आवरत नाही.

बाहेरून सासूबाई ओरडल्या, "उद्या मोठी माणसं येणार ना? रिकाम्या हातानं जाऊ नको. दसऱ्याचं तोंड गोड करायला पेढे ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी धारवाडहून येतानाच पेढ्यांचा पुडा घेतला. केबिनमध्ये गेल्यावर कपाटावरचा एक स्टिकर नखानं अलगद सोलला आणि पुड्याच्या झाकणाला लावला. सर्क्युलरच्या विरुद्ध वागण्याची माझी ती पहिलीच वेळ.

चेअरमन कोट्रप्पा अण्णा म्हणजे हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातले धान्याचे व्यापारी. अंगानं भरभक्कम, पांढरं धोतर, कपाळाला विभूती, आवाज असा की गोदामाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. त्यांनी ट्रस्टला जमीन दिली होती. मीटिंगमध्ये ते शक्यतो डोळे मिटून असायचे आणि जागे आहेत की नाही हे शेवटपर्यंत कळायचं नाही.

कंत्राटदाराचा माणूस, इनामदारसाहेब, श्रीवत्स, मी. दाराशी मल्लप्पा. टेबलावर ताब्याचा कागद, वर पेन. साहेबांनी छोटं भाषण केलं. आशिया खंडाचा उल्लेख झाला. मग म्हणाले, "आता अण्णांना सिस्टीम दाखवू. कुठलंही यंत्र घ्या, एका क्षणात त्याची कुंडली समोर. श्रीवत्स, दाखवा एखादं."

"हे घ्या," म्हणून मी पुडा पुढे सरकवला. "अण्णा, आधी पेढे. दसऱ्याचे. पण श्रीवत्स, उघडायच्या आधी जरा स्कॅन करा."

श्रीवत्सला वाटलं गंमत आहे. त्यानं स्कॅनर धरला. टीं.

भिंतीवर प्रोजेक्टरनं मोठ्या हिरव्या अक्षरांत आलं. अण्णांनी डोळे उघडले आणि एकेक शब्द सोडवत मोठ्यानं वाचलं. "डिझेल. फायर. पंप. दोन. बसवला. तपासला. चालू." मग पुड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"अक्का, हा पंप?"

"हौद्री अण्णा, हाच."

"तुपातला?"

"केळगेरीहून येताना वाटेत घेतला."

अण्णांनी झाकण उघडलं, एक पेढा उचलला, नीट बघितला. "खाऊ?"

"खा की. पण मग आग लागली तर तुम्हालाच धावत यावं लागेल."

कंत्राटदाराचा माणूस हसला आणि लगेच आपण हसायला नको होतं हे त्याच्या लक्षात आलं. मल्लप्पा दाराबाहेर गेला, तिथून त्याच्या खोकल्याचा आवाज आला. इनामदारसाहेबांनी चष्मा काढला. त्या दिवशी चष्मा काढून काही उपयोग झाला नाही.

अण्णांनी पेढा तोंडात टाकला, चावून संपवला, बोटं धोतराला पुसली. "खरा पंप कुठं आहे?"

"रस्त्यात आहे, अण्णा," साहेब म्हणाले. "दोन दिवसांत..."

"साहेब, रस्त्यातल्या पोत्याची पोच आम्ही लिहून देत नाही. पोतं दुकानात पडू दे, दाभण मारून दाणा बघू दे, मग सही." ताब्याचा कागद त्यांनी घडी करून पेढ्याच्या पुड्याखाली सरकवला. "बर्री, चला. बाकीचे पेढेपण बघू."

आणि मग ती सगळी वरात निघाली. तळघरापासून गच्चीपर्यंत. अण्णा पुढे, धोतराचा सोगा हातात. श्रीवत्स लॅपटॉप घेऊन मागे, प्रत्येक मजल्यावर प्लग शोधत. काय काय सापडलं ते सगळं सांगत नाही, पण एक सांगते. ऑपरेशन थिएटरला हवा गाळून पुरवणारं जे यंत्र होतं, लोखंडी खोलीएवढं, त्याचा पंखा उलटा फिरत होता. मोटारीच्या तीन वायरींपैकी दोहोंची अदलाबदल झाली की असं होतं. गंमत म्हणजे उलटा पंखासुद्धा थोडी हवा सोडतोच. आवाज येतो, झुळूक येते, हात धरला तर वाटतं चालू आहे. फक्त जेवढी हवा आत जायला हवी तेवढी जात नाही, आणि आत टेबलावर पेशंट पोट उघडून पडलेला असतो. हे यंत्र आदल्या दिवशी कपाटावर हिरवं झालं होतं. लिफ्टमधली धोक्याची घंटासुद्धा हिरवी होती. तिची वायर घंटेला जोडायचीच राहिली होती.

वायरी मल्लप्पानं तिथल्या तिथे बदलल्या. पंखा सुलटा फिरला तेव्हा थिएटरचं दार धाडकन आपटलं, इतका जोर. अण्णा दचकून मागे सरले आणि म्हणाले, "हां. आता हवा आली."

ताबा पुढे ढकलला. स्वामीजी ठरल्या तारखेला आले, त्यांनी फक्त बाह्यरुग्ण विभागाचं उद्घाटन केलं आणि ‘सावकाश करा’ असा आशीर्वाद दिला. इनामदारसाहेबांनी तो माझ्याकडे बघत ऐकला. डिझेलचा पंप दिवाळीनंतर आला. ट्रकवाल्यानं सांगितलं, तो कोइमतूरहून आठवडाभरापूर्वीच निघाला होता. म्हणजे आधीचे इतके दिवस रस्त्यात नेमकं काय होतं, हे कंत्राटदारालाच ठाऊक. श्रीवत्सनं चारही प्रश्न परत बसवले. मी आणखी दोन वाढवले. पत्र्याच्या पट्ट्या आल्या आणि मी सांगेन त्या यंत्राला मल्लप्पानं रिव्हेट मारले, बैलाला टोचल्यासारखे. आता आयुधपूजेला कितीही घासा.

फॅसिलिटी मॅनेजर मीच झाले, अण्णांच्या शब्दानं. केबिन मात्र साहेबांनी अकाउंट्सला देऊन टाकली. मला जागा दिली पंपरूमशेजारी. "तुमचा जीव आहे ना पंपावर," म्हणाले. दर आठवड्याला तो डिझेलवाला चालवून बघायचा नियम मीच केला होता, त्यामुळे दर आठवड्याला माझ्या टेबलावरचा चहा कपासकट थरथरायचा. एसी नव्हता. सासूबाईंचा डोळा झाला, दुसऱ्या मजल्यावरच, आणि त्यांनी पट्टी निघाल्या निघाल्या पहिली तक्रार केली ती हिरव्या पडद्यांच्या रंगाची.

राहता राहिलं कपाट. केबिनमधून ते माझ्याबरोबर तळघरात आलं. मी रिटायर होताना सामानाची यादी तपासायला नवा मुलगा आला, हातात वायर नसलेला स्कॅनर. सगळं टीं टीं झालं. कपाटापाशी तो अडला. त्याला स्टिकर नव्हता, पट्टी नव्हती, सॉफ्टवेअरमध्ये ओळही नव्हती. यंत्रांची यादी बंद झाल्यावर ते आलेलं होतं, आणि ज्याच्या अंगावर अख्खं हॉस्पिटल लावून झालं त्याला स्वतःचा नंबर द्यायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

"मॅडम, हे सिस्टीममध्ये नाही," तो म्हणाला.

"मग ते नाहीच," मी म्हटलं.

सध्या ते केळगेरीला आहे, आमच्या मागच्या खोलीत. नातीनं त्यात पतंग, मांजे आणि माझ्यापासून लपवायचे चिवड्याचे डबे भरून ठेवलेत. दारांवर गोंदाचे चौकोनी डाग अजून ओळीनं दिसतात, खोबरेल लावूनही जात नाहीत. ती परवा म्हणाली, आजी, मी फोनवर ॲप घेतलंय, घरातल्या सगळ्या वस्तूंची नोंद ठेवते. मी म्हटलं ठेव की. फक्त नोंद करताना उठायचं आणि वस्तूला हात लावून यायचं. बसल्या जागी हिरवं होत असेल, तर समज तू कपाट मोजते आहेस.